तीन लग्नं, अडतीस वर्षांचं वैधव्य: एलिझाबेथ डी बर्गचं लग्न कोणाच्या हातात होतं?

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन इंग्लंडमध्ये उमराव घराण्यातल्या मुलीला तिच्या लग्नाबद्दल कोणी काही विचारायचं का? क्लेअरच्या एलिझाबेथ डी बर्गला दुसऱ्या नवऱ्याने पळवून नेलं म्हणतात, ते खरं का? आणि ऐन सव्विशीत तिसऱ्यांदा विधवा झालेल्या एवढ्या श्रीमंत बाईने चौथं लग्न का केलं नाही?

माझा बराच काळ चौदाव्या शतकातल्या इंग्लंडचे दस्तऐवज आणि घरखर्चाच्या गुंडाळ्या वाचण्यात गेला आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की पहिल्या दोघांचंही बरंचसं मिळतं.

आधी नावांचा गोंधळ दूर करू, कारण शोध घेताना सगळेच इथे अडखळतात. त्या काळात एलिझाबेथ डी बर्ग नावाच्या तीन बायका होत्या. एक स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची राणी. दुसरी तिची वहिनी, म्हणजे आपली एलिझाबेथ; ती जन्माने डी क्लेअर. तिसरी या दुसरीची नात. आपण बोलतोय ती दुसरी, १२९५ ते १३६०.

तिचा जन्म १६ सप्टेंबर १२९५ रोजी ट्यूक्सबरीला झाला. वडील गिल्बर्ट डी क्लेअर, ग्लॉस्टरचा अर्ल, म्हणजे बडा सरदार. राजाखालोखाल ज्यांच्याकडे जमीन होती अशा मोजक्या माणसांपैकी एक. आई जोन, राजा पहिला एडवर्ड याची मुलगी. म्हणजे राजा तिचा आजोबा, आणि पुढे गादीवर आलेला दुसरा एडवर्ड तिचा सख्खा मामा. हे नातं लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या घडामोडींत मामाच मुख्य आहे.

ती तीन महिन्यांचीही नव्हती तेव्हा वडील वारले. आणि इथे तिच्या आईने जे केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जोन आणि गिल्बर्टचं लग्न १२९० मध्ये झालं, तेव्हा राजाने एक अट घातली होती. गिल्बर्टने आपली सगळी जमीन राजाच्या स्वाधीन केली आणि राजाने ती नवरा-बायको दोघांच्या नावे परत दिली. एडवर्डने हा डाव मुलीसाठी टाकला होता, पण तो त्याच्यावरच उलटला. गिल्बर्ट मेल्यावर सगळी जमीन जोनच्या हाती राहिली, आणि तेवढ्या जमिनीची मालकीण असलेल्या विधवेला बापाची फारशी गरज उरली नाही. एडवर्ड तिचं लग्न सव्हॉयच्या काउंटशी ठरवत होता. तिने १२९७ च्या सुरुवातीला, कोणाला न सांगता, मेलेल्या नवऱ्याच्याच पदरी असलेल्या राल्फ डी मॉन्थरमर नावाच्या साध्या शिलेदाराशी लग्न लावलं. राजाने जमीन जप्त केली, राल्फला ब्रिस्टलच्या किल्ल्यात कोंडलं. पण लग्न मोडता येईना.

का मोडता येईना, यात त्या काळच्या विवाहाचं सगळं मर्म आहे. लग्न वैध ठरवण्याचा अधिकार राजाकडे नव्हता, चर्चकडे होता. आणि बाराव्या शतकापासून चर्चचा नियम ठरून गेला होता: मुलगी बारा वर्षांची, मुलगा चौदाचा, दोघांनी ‘मी तुला पत्करते, मी तुला पत्करतो’ असं वर्तमानकाळात म्हटलं की झालं लग्न. पुरोहित नसला, साक्षीदार नसले, आईबाप आडवे पडले, तरी ते टिकायचं. गुपचूप केल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागे, पण लग्न खरंच धरलं जाई. राजाचा अधिकार जमिनीवर होता. थेट राजाकडून जमीन धारण करणाऱ्याची विधवा परवानगीशिवाय लग्न करती झाली, तर तो दंड करी, जमीन अडकवी. १२१५ च्या मॅग्ना कार्टात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत: विधवेवर लग्नाची सक्ती करायची नाही, आणि विधवेने राजाच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही असा जामीन द्यायचा. कागदावर तिला नकाराचा हक्क होता, पण निवडीचा नव्हता.

एलिझाबेथच्या पहिल्या लग्नात मात्र नकाराचाही प्रश्न आला नाही. ३० सप्टेंबर १३०८ रोजी वॉल्थम मठात, आता राजा झालेल्या मामाच्या समोर, तिचं लग्न जॉन डी बर्गशी लागलं. तेरावं पूर्ण होऊन दोन आठवडे झाले होते. जॉन हा आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या अर्लचा वारस. आदल्याच दिवशी तिचा भाऊ गिल्बर्ट याचं लग्न जॉनची बहीण मॉड हिच्याशी लागलं होतं. आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात तेच, फक्त दोन्हीकडे किल्ले आणि परगणे होते. पुढच्या वर्षी ती आयर्लंडला गेली, सतराव्या वाढदिवसाच्या सुमारास मुलगा झाला, विल्यम. त्याला वर्षही झालं नव्हतं तोवर, जून १३१३ मध्ये, जॉन गॉलवेला वारला.

इथवर ती एका मोठ्या घरची धाकटी मुलगी होती आणि दुसऱ्या मोठ्या घरची विधवा सून. २४ जून १३१४ रोजी बॅनकबर्नच्या रणांगणावर तिचा भाऊ गिल्बर्ट स्कॉटिश भाल्यांवर तुटून पडला आणि मारला गेला. समोरच्या सैन्याचा राजा रॉबर्ट ब्रूस हा त्याचा साडू होता. गिल्बर्टला मूल नव्हतं.

मराठी वाचकाच्या मनात इथे पटकन येईल: मग दत्तक का नाही घेतला? इंग्लिश कायद्यात दत्तक ही सोयच नव्हती. ती १९२६ मध्ये आली. रक्ताचा वारस नसेल तर जमीन बहिणींकडे जायची, आणि भावांप्रमाणे थोरल्याला सगळी मिळायची नाही, बहिणींत सारखी वाटली जायची. वर्षाला सुमारे ६,००० पौंड उत्पन्नाची मालमत्ता तीन बहिणींत वाटली जाणार होती. त्या काळी वर्षाला ४० पौंड मिळवणारा माणूस नाइट व्हायला पुरेसा सधन समजला जाई, यावरून आकड्याचा अंदाज घ्या. थोरली एलिनॉर, तिचा नवरा ह्यू डिस्पेन्सर. मधली मार्गारेट, राजाचा लाडका पियर्स गॅव्हस्टन याची विधवा. धाकटी एलिझाबेथ. म्हणजे तिघींपैकी दोघी विधवा, दोघी विशीच्या आसपास.

वाटणी लगेच झाली नाही, कारण गिल्बर्टची विधवा मॉड आपण गरोदर असल्याचं सांगत राहिली. मूल झालं असतं तर बहिणींना काहीच मिळालं नसतं. नऊ महिने केव्हाच उलटले, तरी दरबारात तिचं गरोदरपण खरं मानून युक्तिवाद चालू राहिले. अनेक जण हे गंमत म्हणून सांगतात. मला त्यात राजाचा फायदा दिसतो. वाटणी लांबली तेवढा काळ सगळी जमीन राजाच्या ताब्यात होती, उत्पन्न त्याला मिळत होतं, आणि दोन भाच्यांसाठी आपल्या मर्जीतले नवरे शोधायला त्याला उसंत मिळत होती. त्याने एलिझाबेथला आयर्लंडहून परत बोलावून घेतलं आणि ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवलं. तिच्या आईचा शिलेदार नवरा जिथे कोंडला होता, तोच हा किल्ला.

४ फेब्रुवारी १३१६ रोजी थिओबाल्ड डी व्हर्डन याने तिला तिथून नेलं आणि तिच्याशी लग्न लावलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. राजाने थिओबाल्डला संसदेपुढे जाब विचारला. त्याने सांगितलं की आयर्लंडमध्ये असतानाच आमचं ठरलं होतं, मी तिला किल्ल्यातून ओढून नेलं नाही, तीच बाहेर मला भेटायला आली. थिओबाल्ड काही वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये राजाचा सर्वोच्च अधिकारी होता आणि एलिझाबेथ तेव्हा तिथेच होती, तेव्हा ओळख असणं अगदी शक्य आहे. यावरून काही जण तिचं प्रेमप्रकरण रंगवतात. मला ते मान्य नाही. हे सगळं आरोपीचं म्हणणं आहे. तिला कोणी विचारलं आणि तिने काही सांगितलं, असा एक शब्द त्या चौकशीत नाही. त्या खटल्यात तिच्या संमतीचा मुद्दाच नव्हता. गुन्हा राजाविरुद्ध होता, कारण एका वारसदार भाचीचं लग्न ठरवण्याचा राजाचा हक्क हिरावला गेला होता. थिओबाल्डला तीन मुली होत्या, मुलगा नव्हता, पहिली बायको वारली होती; मुलग्याची आणि जमिनीची गरज त्याला होती हे उघड आहे. ती आईसारखी स्वतःच्या मनाने बाहेर पडली असेल, किंवा तिला सापळ्यात धरलं असेल. मला दोन्ही शक्य वाटतं. पण ज्या अर्थी तिच्या तोंडचं वाक्य नाही, त्या अर्थी ‘पळून गेली’ आणि ‘पळवून नेली’ यातलं एक निवडून ठामपणे लिहिणारा लेखक वाचकाची फसवणूक करतो.

हा प्रकार तिच्यापुरता नव्हता, हेही सांगायला हवं. तिची बहीण एलिनॉर विधवा झाल्यावर १३२९ मध्ये विल्यम ला झूशने तिला असंच नेलं. १३३६ मध्ये मार्गारेटच्या मुलीला राल्फ स्टॅफर्डने नेलं. एकाच घरात वीस वर्षांत तीन वेळा. जमीन मुलीच्या नावावर आणि मुलगी एका किल्ल्यात, एवढं जुळलं की कोणीतरी घोडे घेऊन येणार, हे ठरलेलंच.

थिओबाल्ड सहा महिन्यांच्या आत, २७ जुलै १३१६ रोजी वारला. एलिझाबेथ गरोदर होती. ती एम्सबरीच्या मठात गेली, जिथे तिची मावशी मेरी जोगीण होती. राजाने मावशीच्या मठातही पाठ सोडली नाही. त्याची पत्रं गेली, तो स्वतः गेला: रॉजर डॅमरीशी लग्न कर. रॉजर हा तिच्या भावाच्या पदरचा साधा नाइट, बॅनकबर्नला लढलेला, आता मामाच्या गळ्यातला ताईत. मार्च १३१७ मध्ये मठातच मुलगी झाली, राणीच्या नावावरून तिचं नाव इझाबेला ठेवलं. एप्रिल-मेच्या सुमारास डॅमरीशी लग्न झालं. मार्गारेटचं लग्न त्याच वेळी दुसऱ्या मर्जीतल्या ह्यू ऑडलीशी लागलं. डिस्पेन्सर, ऑडली, डॅमरी: तिन्ही साडू राजाच्या जवळचे. नोव्हेंबरमध्ये वाटणी झाली. आधी लग्नं, मग जमीन. हा क्रम योगायोगाने घडत नसतो.

मामाने सांगितलं आणि विशीतली, पदरी दोन मुलं असलेली बाळंतीण तयार झाली, याला संमती म्हणायचं का? चर्चच्या नियमाने ती संमतीच होती, तिने ते शब्द उच्चारले होते. पण तिचं पुढचं आयुष्य पाहिल्यावर मला वाटतं, या लग्नातून तिने एक हिशेब पक्का मांडला असावा.

कारण पुढची पाच वर्षं भयानक गेली. डिस्पेन्सरला एक तृतीयांश वाट्याने समाधान नव्हतं. त्याला वेल्सच्या सीमेवरचा साडूंचा मुलूखही हवा होता, आणि राजाचं मन त्याने पुरतं काबीज केलं. १३२१ मध्ये सीमेवरचे सरदार त्याच्याविरुद्ध उठले. डॅमरी आणि ऑडली त्यांच्यात होते. मार्च १३२२ मध्ये हे बंड मोडलं. डॅमरी टटबरीला मरण पावला. एलिझाबेथला वेल्समधल्या अस्कच्या किल्ल्यात पकडून मुलांसह बार्किंगच्या मठात ठेवलं. वय सव्वीस, तिसऱ्यांदा विधवा.

आणि मग मेहुण्याने, म्हणजे डिस्पेन्सरने, तिला लुटलं. अस्क सोडून दे आणि बदल्यात गावर हा वेल्समधलाच दुसरा मुलूख घे, असं त्याचं म्हणणं. गावरचं उत्पन्न अस्कच्या मानाने बरंच कमी. ती बधत नाही असं दिसल्यावर १३२२ च्या नाताळात तिला यॉर्कला राजासमोर हजर केलं, तिच्या सल्लागारांना तिच्यापासून तोडलं. ती परवानगीशिवाय निघाली तर वाटेतून मागे बोलावलं. सही-शिक्का केला नाहीस तर राजाच्या राज्यात तुला वीतभर जमीन राहणार नाही, अशी धमकी दिली. राजाच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही आणि जमीन कोणाला देणार नाही, असंही लिहून घेतलं. तिने शिक्का केला. मग गावरचा जुना मालक विल्यम डी ब्रिओस याला पुढे करून तिच्यावर दावा लावण्यात आला. गावर त्याला मिळालं, आणि त्याने ते डिस्पेन्सरला देऊन टाकलं. अस्कही गेलं, गावरही गेलं.

हे सगळं आपल्याला कसं कळतं? तिनेच लिहून ठेवलं म्हणून. मे १३२६ मध्ये, डिस्पेन्सर पूर्ण सत्तेत असताना, क्लेअरला तिने गुपचूप एक निषेधपत्र तयार करवलं. त्यात पकडल्यापासूनचा सगळा घटनाक्रम आहे: मी जे लिहून दिलं ते भीतीने आणि जबरदस्तीने दिलं, आणि उघड दाद मागणं आज शक्य नाही म्हणून हे इथे नोंदवते. तिच्या वारसांच्या दस्तांच्या वहीत त्याची नक्कल टिकली. त्या काळच्या इंग्लंडमधल्या बाईचा, इतका थेट, इतका संतापलेला आणि तरीही वकिली काटेकोरपणे मांडलेला मजकूर मी फार थोडा वाचला आहे. ती जिंकेल याची तेव्हा काहीच खात्री नव्हती. तरी तिने पुरावा तयार करून ठेवला. सहा महिन्यांत राणी इझाबेला हॉलंडच्या किनाऱ्याकडून सैन्य घेऊन उतरली, २४ नोव्हेंबर १३२६ रोजी हिअरफर्डला डिस्पेन्सरला फाशी झाली, आणि पुढच्या वर्षी अस्क एलिझाबेथला परत मिळालं.

आता तिसरा प्रश्न. चौथं लग्न का नाही?

ती कोणत्या स्थितीत होती ते पाहा. माहेरच्या वाटणीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंडांच्या घरात. शिवाय विधवेचा हक्क: नवऱ्याच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग तिच्या हयातीपर्यंत. असा हक्क तिला तीन नवऱ्यांकडून लागू होता, आयर्लंडपासून इंग्लंडच्या मध्यापर्यंत. आणि विधवा म्हणून ती कायद्यात स्वतंत्र व्यक्ती होती. स्वतःच्या शिक्क्याने करार करू शकत होती, दावा लावू शकत होती, कारभारी नेमू आणि काढू शकत होती. लग्न झालं की हे सगळं नवऱ्याच्या हाती. तिच्या जमिनीचं उत्पन्न त्याचं, सही त्याची. आणखी एक कलम लोक विसरतात: लग्नातून एक जरी मूल जिवंत जन्मलं, मग ते पुढे जगो न जगो, तर बायको मेल्यावरही तिची सगळी वडिलोपार्जित जमीन नवऱ्याकडे त्याच्या मरणापर्यंत राहायची. विधवेला नवऱ्याचा एक तृतीयांश, विधुराला बायकोचं सगळं. शिवाय नवऱ्याने बंड केलं तर जप्ती तिच्या जमिनीवरही येई, हे तिने अंगावर झेललं होतं.

पासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिन्ही लग्नं मिळून ती जेमतेम दहा वर्षं विवाहित होती. १३२२ नंतर अडतीस वर्षं ती विधवा राहिली, आणि पुढे तिने रीतसर ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. व्रतामागे श्रद्धा होतीच. ती मनापासून धार्मिक होती, फ्रान्सिस्कन साधूंवर तिचा विशेष लोभ होता, वॉल्सिंगहॅमला १३४७ मध्ये तिने त्यांच्यासाठी मठ बांधला. पण चर्चपुढे घेतलेलं व्रत राजालाही मोडता येत नाही, हेही तिला चांगलं ठाऊक असणार. नकाराचा जो हक्क मॅग्ना कार्टाने कागदावर दिला होता, तो खरोखर वापरता येईल असा मार्ग हाच होता.

या अडतीस वर्षांत ती कशी राहिली हे आपल्याला राजघराण्याबाहेरच्या फार थोड्या बायकांबद्दल कळतं तितकं कळतं, कारण तिच्या घरखर्चाच्या गुंडाळ्या मोठ्या संख्येने टिकल्या आहेत. सफोकमधलं क्लेअर हे मुख्य ठाणं. शंभरावर माणसांचं घर. रोज किती पाव भाजले, किती एल (बिअरसारखं पेय) गाळली, मासे किती, घोड्यांना ओट किती, सगळं लिहिलेलं. मला या नोंदी वाचताना कधी कंटाळा येत नाही. राजाच्या पत्रांमध्ये ती भाची असते, दस्तांमध्ये वारसदार असते; इथे ती घर चालवणारी बाई आहे. लंडनला ऑल्डगेटबाहेर जोगिणींच्या मठाच्या आवारात तिने १३५२ मध्ये घर बांधलं. तिथे मामाचा मुलगा, आता राजा असलेला तिसरा एडवर्ड आणि त्याचा थोरला मुलगा तिच्याकडे जेवायला येत. पेम्ब्रोकची विधवा काउंटेस मारी द सँ-पोल ही तिची जिवलग मैत्रीण. दोघी विधवांनी केंब्रिजला एकेक कॉलेज उभं केलं: मारीने पेम्ब्रोक, एलिझाबेथने क्लेअर. क्लेअरचं मूळ हॉल १३२६ मध्ये दुसऱ्याने सुरू केलं होतं, पैशाअभावी ते बुडायला आलं होतं. १३३८ पासून तिने ते सावरलं आणि १३५९ मध्ये नियम लिहून दिले. त्यात ती म्हणते की महामारीने इतकी माणसं गेली की विद्येला माणसं उरली नाहीत, म्हणून हे करते. तिची इझाबेला, मठात जन्मलेली मुलगी, १३४९ मध्येच गेली होती.

कॉलेजचं चिन्ह आजही एका बाजूला क्लेअर, दुसऱ्या बाजूला बर्ग घराण्याचं, आणि भोवती काळ्या किनारीवर सोनेरी थेंब असं आहे. व्हर्डन आणि डॅमरी त्यात नाहीत. आयुष्यभर तिने पहिल्या नवऱ्याचंच आडनाव लावलं, कारण तिघांत तोच अर्लच्या घरचा होता. पण मृत्युपत्रात तिन्ही नवऱ्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थनेची तरतूद आहे. पळवणाऱ्याचं नाव तिने गाळलं नाही. यावरून ती त्याच्याबरोबर राजीखुशीने गेली होती असा निष्कर्ष मी काढणार नाही. धर्माने ते तिचं कर्तव्य होतं.

तिच्या मुलांच्या लग्नांत तिने काय केलं, हे विचारायला हवं आणि सहसा कोणी विचारत नाही. तिने तेच केलं जे तिच्याबाबतीत झालं होतं. मुलींसाठी जमीनदार घरं पाहिली, हुंड्याचे करार केले: इझाबेला हेन्री फेरर्सला, डॅमरीची मुलगी एलिझाबेथ जॉन बार्डॉल्फला. मुलगा विल्यम १३३३ मध्ये अल्स्टरमध्ये त्याच्याच माणसांकडून मारला गेला, तेव्हा त्याची मुलगी, तिसरी एलिझाबेथ डी बर्ग, एका वर्षाचीही नव्हती. बापाचा अल्स्टर आणि आजीची क्लेअर या दोन्हींची ती एकटी वारस. १३४२ मध्ये राजाने तिचं लग्न आपला मुलगा लायनेल याच्याशी लावलं. वधू दहा वर्षांची, वराला चारही पूर्ण नव्हती. आजी ४ नोव्हेंबर १३६० रोजी वारली, तोवर तिने आपली जमीन स्वतःच्या हातात ठेवली. मग ती जमीन या जोडप्याकडे, त्यांच्या मुलीकरवी मॉर्टिमर घराण्याकडे आणि तिथून यॉर्क घराण्याकडे गेली. १४६१ मध्ये चौथा एडवर्ड याच नात्याच्या जोरावर गादीवर बसला, आणि क्लेअर राजाच्या खासगी मालमत्तेत जमा झालं.